सौर पंपाचे अनुदान : खर्च की गुंतवणूक?

जालन्याच्या मोसंबीला उन्हाळ्यात पाणी हवे, तेव्हा ऊन भरपूर असते. अडते ते सौर पंपाच्या किमतीपाशी. केंद्राची 2019 ची कुसुम योजना आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 5 टक्केच रक्कम भरावी लागते. हमखास मागणी दिसली की पुरवठादार तालुक्यापर्यंत येतात, दुरुस्तीची सोय होते. बाजार असाच उभा राहतो. तिजोरीवर भार पडतो, हे खरे. पण शेतीच्या विजेची सवलत दरवर्षी द्यावी लागते, पंपाचे अनुदान एकदाच. फुकटच्या उपशाने विहिरी लवकर आटतील, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून पंपासोबत ठिबकही बसवा आणि पाच वर्षांच्या दुरुस्ती हमीचा कागद जपून ठेवा.