झिजलेल्या लोखंडाला प्रकाशाचा आधार



1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा व राइस मिलचा जिल्हा होय. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. तुसात सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, पुष्कळ असल्याने ते वाहून नेणारी नळी व पंख्याची पाती झिजत जातात. तिरोड्याच्या 3,300 मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाची राखही हेच काम करते. ऐन हंगामात एक भाग निकामी झाला की गिरणी थांबते. शेतकऱ्याचे धान पडून राहते आणि हमालाची मजुरी बुडते.

झिजलेल्या भागावर वेल्डिंगने भर देऊन तो लेथवर घासण्याची रीत जुनी आहे. परंतु वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते. त्यामुळे भाग वाकतो, प्रसंगी त्यास तडा जातो. या अडचणीवर लेसर किरण उपयोगी पडतो. 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला. हा किरण अगदी लहान बिंदूवर एकवटता येतो. तेवढाच धातू क्षणभर वितळतो, त्यात कठीण धातूची भुकटी सोडली जाते आणि मूळ भागाशी एकजीव झालेला थर तयार होतो. आजूबाजूच्या धातूस उष्णतेची झळ फार कमी लागते.

असेच थरावर थर संगणकाच्या आज्ञेनुसार चढवीत गेल्यास संपूर्ण सुटा भागच घडविता येतो. मूर्तिकार दगड छिलून मूर्ती काढतो. खेड्यातील मातीची भिंत मात्र थर रचून उभी राहते. ही नवी पद्धत भिंतीच्या जातीची आहे. म्हणूनच तीत धातू कमी वाया जातो.

या विषयातील संशोधनाचे एक प्रमुख केंद्र शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूर येथे आहे. 1984 मध्ये कोनशिला बसविलेली ही संस्था आज राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाते. पद्धतीचे सामर्थ्य 9 मे 2024 रोजी दिसून आले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे असे घडविलेले इंजिन 665 सेकंद चालवून पाहिले. पूर्वीच्या 14 भागांचा एकच भाग झाला, 19 सांधे वाचले आणि 565 किलो धातूऐवजी 13.7 किलो भुकटी पुरली.

तथापि, अग्निबाणास जे परवडते ते गिरणीस परवडेलच असे नाही. यंत्र महाग आहे. किरण डोळ्यांस घातक आहे. काही धातूंची बारीक भुकटी पेट घेते. स्वस्त पात्यास वेल्डिंगच पुरेसे आहे. महागड्या व सहजी न मिळणाऱ्या भागांसाठी मात्र अनेक गिरण्यांना मिळून एक सामाईक सोय विचारात घेण्याजोगी आहे.

त्यासाठीची पूर्वतयारी आजही करता येते. कोणता भाग किती तास चालून झिजला, याची नोंद गिरणीत ठेवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांस धातूंचे गुणधर्म व संगणकीय आरेखन शिकवावे. पंचायत सदस्यांनी गावातील होतकरू मुलामुलींस त्या वर्गांकडे वळवावे. यंत्र पैशाने आणता येईल. ते चालविणारे हात मात्र जिल्ह्यातच घडवावे लागतील.