मरणाला सामोरे जाताना



मरणाविषयी बोलू लागले की लोक म्हणतात, ‘अभद्र बोलू नका.’ अंत्यसंस्काराच्या वेळी आपण अनित्यतेची गाथा म्हणतो खरी, पण ज्याने ती ऐकायला हवी होती तो तोवर गेलेला असतो!

माणूस नेमके कशाला भितो? आम्ही आजाऱ्यांच्या उशाशी बसतो तेव्हा स्वर्ग-नरकाची चिंता क्वचितच ऐकू येते. पोरांचे कसे होईल, कर्ज कोण फेडील, हीच चिंता असते.

अंगुत्तर निकायात भग्ग देशातील नकुलपिता आणि नकुलमाता या दांपत्याची कथा आहे. नकुलपिता अंथरुणाला खिळला. नकुलमातेने गळा काढला नाही, की ‘तुम्हाला काही होणार नाही’ अशी खोटी आशा दाखवली नाही. चिंता घेऊन मरणे दुःखाचे असते, असे तिने स्पष्ट सांगितले आणि नवऱ्याच्या मनातील शंका एकेक करून काढल्या. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते. मी मुलांना पोशीन, घर सांभाळीन. मी दुसरे घर करीन ही शंका नको. धम्मात ढळेन ही शंका नको. अशा सहा शंका फिटल्या. नकुलपिता बरा झाला आणि काठी टेकत तथागतांना भेटायला गेला. तो बरा झाला हे आम्ही चमत्कार म्हणून सांगत नाही. बरा झाला नसता तरी शांतपणे गेला असता.

खुद्द तथागतांना पावा येथे चुंद लोहाराच्या घरच्या भोजनानंतर रक्ताची हगवण लागली. कुसिनाराच्या वाटेवर, वेदना सोसत असताना, त्यांना काळजी वाटली ती चुंदाची. लोक त्याला बोल लावतील, तोही स्वतःला दोष देईल. म्हणून त्याचे समाधान करण्यास त्यांनी आनंदाला बजावले. यापरते धैर्य आम्हाला ठाऊक नाही. बाबासाहेबही ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, शरीर पार थकलेले असताना, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेच्या कामात होते.

आजाऱ्याच्या भेटीला जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. फळे न्या, परित्राण पाठ म्हणा. पण त्याआधी घरच्यांना जवळ बसवा. बँकेत वारस म्हणून नाव कोणाचे, विम्याचे कागद कुठे, कुणाचे किती देणे, हे त्याच्या देखत लिहून घ्या. ज्याच्याशी अबोला असेल त्याला निरोप धाडा. मग थोडा वेळ गप्प बसा आणि त्याला बोलू द्या.