विचारलं कोणाला, मोजलं कोणी

21 सप्टेंबर 2008. रविवार. त्या दिवशी पेण तालुक्यातल्या 22 गावांत मतदान झालं. उमेदवार नव्हते, पक्षांची चिन्हंही नव्हती. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायला तुम्ही तयार आहात की नाही, एवढाच प्रश्न होता. खाजगी कंपनीच्या प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचा असा गावोगाव कौल घ्यावा, हे आपल्या देशात अपूर्वच होतं.

रिलायन्सच्या या सेझसाठी पेण, उरण आणि पनवेल या तीन तालुक्यांतल्या 45 गावांची सुमारे 10 हजार हेक्टर जमीन लागणार होती. मतदान झालं ती 22 गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. या शेतांना पाणी देऊ असं सरकारनेच सांगितलेलं, आणि कालव्याची वाट बघत असताना दारात आली ती भूसंपादनाची नोटीस. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरले, मोर्चे निघाले, उपोषणं झाली, तेव्हा कुठे सरकार विचारायला तयार झालं.

मतं पडली. बहुतांश शेतकऱ्यांनी नकार दिल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. सरकारने मात्र अधिकृत निकाल तेव्हा जाहीर केला नाही. पुढे भूसंपादन मुदतीत पुरं झालं नाही आणि प्रकल्प बारगळला. पण माणसांना रांगेत उभं करून त्यांचं मत घ्यायचं आणि ते कागद कचेरीत ठेवून द्यायचे, हा मला त्या मतदारांचा अपमान वाटतो. 1967 च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला, फूल आणि दोन पानं या चिन्हांवर. महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांची 34,021 मतं जास्त भरली. निकाल जाहीर झाला, आणि विलीनीकरणासाठी झटलेल्यांनाही तो मानावा लागला. कौल म्हणजे असा.

आता पेणचा हा नकार विचारसरणीतून आला होता का? आपला किनारा तर विचारसरणीचा जुना मुलूख आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. त्याच चळवळीच्या जमिनीत पुढे शेतकरी कामगार पक्ष रुजला. पण सेझला नकार देणारे सगळे काही लाल बावट्याचे नव्हते. एरवी एकमेकांविरुद्ध मतं देणारे शेजारी त्या दिवशी एकाच बाजूला मत देऊन आले.

बिल्ला एक आणि प्रत्यक्ष मत वेगळं, या प्रकाराचा अमेरिकेत नीट अभ्यास झाला आहे. तिथे पाहणीत विचारतात, तुम्ही स्वतःला उदारमतवादी म्हणवता की परंपरावादी? लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल या दोघांनी 1967 मध्ये दाखवून दिलं की स्वतःला परंपरावादी म्हणवणारे, सरकारचा हात आखडता हवा म्हणणारे कितीतरी लोक शाळा, दवाखाने, वृद्धांची औषधं यांवर सरकारने खर्च करावा असंच सांगतात. म्हणून माणसाला त्याच्या विचारसरणीचं नाव विचारलं की त्याचं मत कळलं, असं मुळीच नाही. शब्दांचाही फरक पडतो. ‘गरिबांना मदत’ यावर जास्त खर्च व्हावा का, असं विचारलं तर बहुसंख्य अमेरिकन हो म्हणतात. त्याच कामाला तिथल्या सरकारी योजनांचं रूढ नाव दिलं, तर होकार निम्म्याहूनही खाली येतो. पेणमध्ये प्रश्न सरळ होता, हे कबूल केलंच पाहिजे.

पण तो विचारला कोणाला? 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि साप्ताहिकाने सांगितलं की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून. मंदीच्या त्या वर्षांत ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं, त्यांना फारसं कोणी विचारलंच नाही. जॉर्ज गॅलपने त्या मानाने मूठभर लोकांना, पण सगळ्या थरांतल्या लोकांना विचारलं आणि त्याचा अंदाज खरा ठरला.

पेणची यादी जमिनीच्या खातेदारांची होती. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला मत. मग शेतावर मजुरीला जाणारा कातकरी? खाडीत जाळं टाकणारा कोळी? आयुष्यभर लावणी-कापणी करूनही जिचं नाव उताऱ्यावर चढलंच नाही, ती घरधनीण? जमीन गेली असती तर यांचीही चूल विझली असती. त्यांचं उत्तर कुठेच मोजलं गेलं नाही. त्यांनीही नकारच दिला असता असं मी म्हणत नाही. काही जण नोकरीच्या आशेने हो म्हणाले असते. पण ते कळायला हवं होतं.

2013 च्या भूसंपादन कायद्याने खाजगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती सक्तीची केली. पेणसारख्या लढ्यांशिवाय हे घडलं नसतं असं मला वाटतं. याच कायद्यात शेतमजूर आणि मच्छीमार ‘बाधित’ म्हणून धरले आहेत, पुनर्वसनासाठी. ती 80 टक्के संमती मोजताना मात्र मुख्यतः जमीनधारकच मोजले जातात.

श्रोतेहो, तुमच्या गावात उद्या असा कौल घ्यायला कोणी आलं, तर ग्रामसभेत दोन मागण्या लेखी नोंदवा. यादीत मजुराचं, कोळ्याचं आणि घरातल्या बाईचं नाव असलं पाहिजे. आणि मोजणीचा आकडा त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे.