पडद्यावरची बिननावाची रोवणी

(केशोरी, जि. गोंदिया येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थसंकल्पाच्या दिवशी दूरचित्रवाणीवर 'कृषी' हा शब्द उच्चारला गेला की पाठोपाठ एक ठरावीक दृश्य येते. चिखलाच्या बांधीत कमरेत वाकलेल्या दहा-बारा स्त्रिया रोवणी करीत आहेत. गाव कोणते, साल कोणते, त्या बाया कोण, हे कोणी सांगत नाही आणि विचारीतही नाही. या मालाला धंद्यात 'स्टॉक फुटेज' म्हणतात. एकदा चित्रण करावे, साठ्यात ठेवावे आणि गिऱ्हाईक येईल तसे पुन्हा पुन्हा विकावे.

आपला हा सारा मुलूख धानाचा. येथे तरी या दृश्यातली लबाडी चटकन ध्यानात यावी. निवेदक धानाच्या हमीभावाची वाढ सांगत असतो, आणि चित्रात जी दिसते तिच्या नावे बहुधा सातबारा नसतो. पऱ्हे उपटणे, पेंढ्या बांधणे, रोवणे हे सारे ती मजुरीने करते. तिच्याजवळ विकायला धान नाही. रेशनवर भागले नाही तर तांदूळ तिला विकतच घ्यावा लागतो. भाव वाढला म्हणून तिची मजुरी आपोआप वाढत नाही, कित्येकदा तिचा खर्च मात्र वाढतो. परंतु पडदा तिला 'शेतकरी' म्हणतो आणि बांधीचा मालक व बांधीतली मजूर यांच्यातील भेद एका क्षणात पुसून टाकतो. रोवताना बाया गाणी म्हणतात, तीही काढून टाकून वर सतार चढवलेली असते! माणसांमाणसांतील संबंध वस्तूंच्या संबंधांचे रूप घेतात, असे मार्क्सने १८६७ साली 'भांडवला'च्या पहिल्या खंडात दाखवून दिले. येथे तर राबणारे माणूसच माल झाले आहे.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलावंतांचे हक्क आले. त्या व्याख्येत नट, गायक, डोंबारी, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारी व्यक्ती इत्यादींचा उल्लेख आहे. म्हणजे या माझ्या बडबडीवर मला हक्क सांगता येईल. रोवणाऱ्या बाईचा त्या यादीत उल्लेख नाही.

१९७२-७३ च्या दुष्काळाचीही हीच गत. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट त्या काळी चित्रपटगृहांत सक्तीने दाखवले जात. खडी फोडणारी बाई ही त्या दुष्काळाची खूण ठरली आणि पुढे कोणत्याही दुष्काळाला तीच जोडली जाऊ लागली, मुकी आणि केविलवाणी. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्यांनी मोर्चे काढले, संप केले, मजुरीसाठी भांडली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, त्यामागे या माणसांचा रेटा होता. करुणेच्या चित्रात तो रेटा दिसत नाही. दया येण्यासाठी माणूस निनावी असलेला सोयीचा पडतो. हक्क मागणाऱ्याला मात्र नाव, गाव आणि हजेरीपट लागतो.

आता आपल्या घरातले थोडे बोलतो. आपल्या चळवळींच्या भित्तिपत्रकांवरही कोणा सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या म्हातारीचे चित्र असते. ती कोण, हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते. सरकारी निवेदकाने 'प्रगती' म्हणून वापरलेली बाई आपण 'शोषण' म्हणून वापरली, एवढ्याने तिच्या बाजूने काय बदलले?

यंदाच्या रोवणीत कोणी चित्रण करील, तर आधी तिला विचारावे. चित्रासोबत तिचे नाव, गाव, तारीख आणि त्या दिवसाची मजुरी टिपून ठेवावी. नाव छापू नका, असे ती म्हणाली तर छापू नये. मजुरीचा आकडा मात्र अवश्य छापावा.