बसलेल्यांवर फवारा

कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात १८ नोव्हेंबर २०११ रोजी विद्यार्थी हातांत हात गुंफून वाटेवर बसले होते. विद्यापीठाच्याच पोलिसांनी त्यांच्या तोंडावर मिरचीच्या अर्काचा फवारा मारला. माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या समितीने २०१२ साली निर्वाळा दिला की, हे टाळता येण्याजोगे होते व टाळावयासच हवे होते. २१ फिर्यादींना प्रत्येकी ३० हजार डॉलर मिळाले. पुढे इंटरनेटवरील हा कलंक झाकण्यासाठी विद्यापीठाने किमान १ लक्ष ७५ हजार डॉलर वेचल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. म्हणजे जवळजवळ सहा विद्यार्थ्यांची भरपाई! आम्ही विचारतो, ज्या विद्यापीठाने प्रश्न विचारावयास शिकवावे, त्यानेच निःशस्त्र प्रश्नकर्त्यांचे डोळे जाळावेत काय?