काचेच्या पेटींतील समुद्र

समुद्राचें पाणी घागरींत भरून घरीं आणलें म्हणजे समुद्र घरीं आला, असें होत नाहीं. थोड्याच दिवसांत त्या पाण्यास वास येऊं लागतो आणि त्यांतील जीव एकामागून एक मरतात. तेच जीव समुद्रांत मात्र पिढ्यान् पिढ्या सुखानें नांदतात. हा भेद कशामुळें पडतो हें ज्यास उमजलें, त्यासच प्रवाळखडकाच्या धर्तीची पेटी घरीं राखतां येते. इतरांच्या हातीं ती केवळ जीवहत्येचें साधन ठरते.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवीं अॅना थिन नांवाच्या बाईंना १८४६ सालीं दगडी प्रवाळें मिळालीं. त्यांनीं तीं बरणींत घालून लंडनला नेलीं. समुद्राचें ताजें पाणी लंडनमध्यें रोज कोठून मिळणार? म्हणून त्यांची दासी उघड्या खिडकीशीं उभी राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत रोज बराच वेळ ओतीत असे. त्या योगें पाण्यांत हवा मिसळे. पुढें १८४७ सालीं थिनबाईंनीं बरणींत जिवंत समुद्रशेवाळ ठेवलें. शेवाळ उजेडांत प्राणवायु सोडतें आणि तो प्राण्यांस मिळतो. नैसर्गिक शुद्धीकरणाचें अर्धें रहस्य असें तेव्हांच हातीं आलें. उरलेलें अर्धें डोळ्यांस दिसणारें नव्हतें.

तें अर्धें असें. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. खाऊन उरलेलें अन्न कुजलें म्हणजे त्यांतूनही अमोनियाच निघतो. हें माशास जहाल विष आहे. कांहीं सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, तेंही विषच. दुसरे जंतु नायट्राइटाचें नायट्रेट करतात. तें पुष्कळ सौम्य. या दोन्ही जातींस प्राणवायु लागतो, म्हणून त्या खडकाच्या व वाळूच्या पृष्ठभागावर वसति करतात. खडक सच्छिद्र असेल, तर त्याच्या पोटांत, जेथें प्राणवायु फारसा पोंचत नाहीं तेथें, तिसऱ्या प्रकारचे जंतु राहतात. ते नायट्रेटापासून नत्रवायु मोकळा करतात आणि तो पाण्यांतून हवेंत निघून जातो. एकाच खडकाच्या सालीवर आणि गाभ्यांत हा उद्योग अहोरात्र चाललेला असतो.

हें ज्ञान घरगुती पेटींत उतरविणाऱ्यांत जाकार्ता शहरचे ली चिन एंग यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्या काळीं समुद्री माशांच्या पेटींत शोभेसाठीं प्रवाळाचे सांगाडे ठेवीत, तेही धुऊन, पांढरे शुभ्र व निर्जीव करून. एंग यांनीं उलट केलें. खडक त्यावरील जंतु, शेवाळ आणि किडे यांसह जसाच्या तसा पेटींत ठेवला, पाण्यांत हवेच्या बुडबुड्यांची धार सोडली, आणि बाकीचें काम निसर्गावर सोपविलें. लोक ज्यास घाण समजून खरवडून टाकीत, तीच पेटीची खरी गाळणी होती.

महाराष्ट्रांतील हौशी गृहस्थानें मात्र एंग यांचें अनुकरण शब्दशः करूं नये. मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आहे, आणि लक्षद्वीप बेटें तर प्रवाळाचींच बनलेलीं आहेत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांस वाघाच्या पंक्तीला बसविलें आहे. समुद्रांतून तीं काढणें किंवा त्यांची खरेदी-विक्री करणें हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी विवेकानें हेंच सांगितलें असतें. समुद्र प्रमाणाबाहेर तापला कीं प्रवाळ आपल्या देहांतील पोषक शेवाळ गमावतें आणि पांढरें पडतें. १९९८, २०१० व २०१६ या सालीं लक्षद्वीपावर ही आपत्ति येऊन गेली. अशा जर्जर खडकावर दिवाणखान्याच्या शोभेसाठीं आणखी घाव घालण्यांत कसली हौस?

तेव्हां येथील पेटींत खडक कृत्रिम व सच्छिद्र असावा. मासा समुद्रांतून पकडलेला नव्हे, तर पैदास केलेला घ्यावा. क्लाउन माशाची पैदास करण्याची रीत आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें सिद्ध केलेली आहे.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. लहान पेटी स्वस्त खरी, परंतु तींत चूक पचत नाहीं. अधिक पाण्यांत बदल सावकाश होतात. एवढ्या पाण्याचा भार दोनशें किलोच्या घरांत जातो, म्हणून बैठक भक्कम हवी. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन हा जंतूंचा वैरी. तेव्हां शुद्ध केलेलें पाणी घेऊन दर लिटरास ३५ ग्रॅम या मानानें तयार समुद्री क्षार विरघळवावे. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, कारण समुद्रांत मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि क्षारही असतात. पाणी आटतें तेव्हां क्षार मागेंच राहतात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेंच करावी. पाण्याची उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावी. वीज गेली आणि प्रवाह थांबला कीं प्राणवायु उणा पडूं लागतो. यास्तव बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

आतां विरजणाची गोष्ट. दूध कितीही उत्तम असलें तरी विरजणावांचून दही लागत नाहीं. नव्या पेटीचेंही तसेंच आहे. एखाद्या जुन्या, निरोगी पेटींतील मूठभर वाळू तींत घालावी, रोज अन्नाची चिमूट टाकावी, आणि मासा मात्र टाकूं नये. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो. मग नायट्राइट चढतें व उतरतें. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट खाणारे जंतु खडकाच्या पोटांत स्थिरावण्यास याहूनही अधिक काळ जातो. तोंवर हिरवें शेवाळ तें काम करतें. शेवाळ वाढलें कीं कातरून बाहेर टाकावें. केराबरोबर नायट्रेटही घराबाहेर जातें.

या आठवड्यांतच बहुतेकांचा धीर सुटतो. रिकामी पेटी पाहून मुलें रोज विचारतात, ‘मासा कधीं येणार?’ आणि वडील माणूस त्यांच्या हट्टास भुलून बाजारची वाट धरतो. तो मासा बिचारा न दिसणाऱ्या विषांत तडफडून मरतो, आणि दोष मात्र दुकानदारास मिळतो. त्यापेक्षां मुलाच्या हातीं तपासणीची परीक्षानळी व एक वही द्यावी. अमोनिया व नायट्राइट यांचे आंकडे त्यानें दोन रकान्यांत रोज मांडावे. दोन्ही रकान्यांत सात दिवस ओळीनें शून्य आलें, म्हणजे त्याला बरोबर घेऊन मासा आणावा, आणि तोही पहिल्या खेपेस एकच.