आजीचा जबाब लिहून घ्या
(वनहक्क दाव्यांच्या बैठकीतले भाषण)



ही पुढं बसलेली आजी बघा. वय तिला सांगता येत नाही. पण नवरा गेला तेव्हा तिसरं पोर पोटात होतं, एवढं सांगते. तेव्हापासून तिनं कुणापुढं हात पसरला नाही. उतारावर नाचणी, वरई केली, दगडाचे बांध घातले, मोळ्या विकल्या. फॉरेस्टवाल्यांनी उभं पीक उपटलं, दंड केला. पुढच्या पावसाला तिनं पुन्हा लावणी केली. दंडाच्या पावत्या मात्र लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्या. त्याच जमिनीवर पोरं वाढली, नातवंडं वाढली.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवा, किमान दोन पुरावे जोडा. पावती पुरावा. घर, विहीर, बांध हा पुरावा. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, तोही पुरावाच! पण आपल्या दाव्याला आपलाच जबाब चालत नाही. म्हणून हिच्याबद्दल शेजारच्या म्हातारीनं सांगायचं, तिच्याबद्दल हिनं.

कुणी म्हणतो, दावा पोराच्या नावानं टाका, म्हातारी किती दिवसांची? असं करू नका. जमीन कसली तिनं. एकट्या बाईच्या नावानं पट्टा होतो. नवरा-बायको असतील तर दोघांच्या नावानं.

जबाब या पावसाच्या आधी लिहा. म्हातारी गेली की कुठला बांध कुणी घातला, ते सांगणारं कुणी राहत नाही.

जिंदाबाद!